पुढचा फोटो

आमच्या सेंटरमध्ये दोन खोल्या आहेत आणि मध्ये एक भिंत. भिंतीच्या अलीकडे सरांची एक्स-रेची खोली, पलीकडे मॅडमची सोनोग्राफीची. सर आणि मॅडम नवरा-बायको. कॉलेजात एकाच बाकावर बसून त्यांचं जमलं, पण पुढचं शिकायची वेळ आली तेव्हा एकाने एक यंत्र धरलं, दुसरीने दुसरं, आणि तेव्हापासून कोणाचं यंत्र खरं यावरून दोघांची रोज जुंपते. मी एक्स-रेची टेक्निशियन, म्हणजे सरांच्या पार्टीतली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी मॅडमचं कौतुक करायला लागले की ते किती जिवावर येऊन करतेय हे तुमच्या लक्षात येईल.

दिवस राहत नाहीत म्हणून तपासायला आलेल्या बायका दोन्ही खोल्यांत येतात, त्यामुळे भांडणाला खाद्य भरपूर. गर्भाशयाच्या दोन बाजूंना पेनातल्या रिफिलहून बारीक अशा दोन नळ्या असतात. त्या उघड्या आहेत की बंद, ते बघायचं असतं. सरांच्या खोलीत गर्भाशयात एक औषध सोडतात. ते एक्स-रेत दिसतं, आणि नळ्यांमधून पुढे जाऊन पोटात सांडलं की समजायचं, वाट मोकळी आहे. मॅडमच्या खोलीत औषधाऐवजी बारीक फेस सोडतात आणि तो कुठवर पोचतो ते सोनोग्राफीच्या पडद्यावर बघतात.

सर म्हणणार, मॅडमच्या पडद्यावर सदानकदा धुकं असतं आणि त्यात काय दिसतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. माझा फोटो मात्र कुठल्याही डॉक्टरच्या हातात द्या, तो वाचेल. मॅडम म्हणणार, सरांच्या फोटोत औषध गेलं तेवढी वाट दिसते, बाकी अख्खी बाई दिसतच नाही; गर्भाशयाच्या भिंतीत गाठ असली, अंडाशयावर काही असलं, तर त्याचा त्या फोटोला पत्ता नसतो. शिवाय माझ्याकडे किरण नाहीत आणि दुखतंही कमी, हे त्या जाता जाता ऐकवणार. मग सर मला विचारणार, तुझं काय मत. मी पगार कोणाकडून घेते यावर ते अवलंबून आहे असं मी सांगते. पगार दोघांचा मिळून येतो, त्यामुळे दोघंही गप्प बसतात.

पण सरांच्या हाताबद्दल मॅडमसुद्धा कधी वाकडं बोलत नाहीत. या तपासणीत एक खोच आहे. औषध आत गेलं की पोटात कळ येते, आणि कळ आली की कधीकधी नळीचं तोंड आपोआप आवळतं. मग औषध तिथेच अडतं आणि चांगली उघडी नळी फोटोत बंद दिसते. म्हणून घाईच्या माणसाने या कामाला हात लावू नये. सर औषधाची बाटली आधी कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवतात. औषध सावकाश ढकलतात. ते कोपऱ्याशी अडलं की सिरिंजवरचा अंगठा काढून घेतात आणि वाट बघतात.

वाट बघता बघता ते आपल्या जुन्या स्कूटरची गोष्ट सांगतात. ती स्कूटर म्हणे नेमकी भर चौकात बंद पडायची आणि मॅडम मागच्या सीटवरून उतरून अनोळखी असल्यासारख्या फुटपाथवर जाऊन उभ्या राहायच्या. टेबलावरची बाई हसते तरी किंवा वैतागते तरी. दोन्हीने तिचं अंग सैल पडतं, मग सर परत अंगठा ठेवतात आणि आम्ही पुढचा फोटो घेतो. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की ती स्कूटर मलाच चालवता येईल. बंद वाटलेल्या कितीतरी नळ्या त्या पुढच्या फोटोत उघड्या निघाल्या आहेत. मला सरांचा अभिमान आहे तो यासाठी.

माझी धाकटी बहीण लहान मुलांना पोहायला शिकवते. मी सेंटरला लागले तेव्हा ती शाळेत होती. शाळा सुटली की माझं काम संपेपर्यंत ती इथेच बाकावर बसायची. मॅडमनी तिची गणितं घेतली. सरांनी तिला त्या स्कूटरवरून किती वेळा घरी सोडलं असेल, आणि किती वेळा तिने ती ढकलली असेल, याची गणतीच नाही. दोघांचा मुलगा वसतिगृहात राहून शिकत होता, त्यामुळे घरातली लाडाची जागा रिकामीच होती. ती हिने मटकावली.

तिचं लग्न झालं, नवरा चांगला मिळाला. तो घड्याळं दुरुस्त करतो आणि घड्याळाइतकंच बोलतो. दिवस काही राहिनात. नवऱ्याच्या तपासण्या झाल्या, त्या ठीक निघाल्या. मग हिच्या नळ्या बघायचं ठरलं, आणि ती कुठे जाणार, आमच्याकडेच आली.

त्या दिवशी जे चुकलं ते सगळं प्रेमापोटी चुकलं. आपली पोरगी रांगेत नको म्हणून सरांनी तिला सगळ्यांच्या आधी घेतलं. सेंटर नुकतं उघडलेलं, पाणी अजून तापायचं होतं, त्यामुळे बाटली कपाटातून काढली तशी गारच होती. नर्सने नवी कोरी चादर घातली. मी काचेमागे यंत्रापाशी. धाकटी टेबलावर गेली आणि पाण्यात सूर मारायच्या आधी धरतात तसा श्वास धरून बसली. सर नेहमी पडद्याकडे बघतात. त्या दिवशी ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. स्कूटरची गोष्ट तिला काय सांगणार, ती स्वतःच त्या गोष्टीत होती.

औषध गर्भाशयात भरलं आणि दोन्ही कोपऱ्यांशी अडलं. धाकटीचे ओठ पांढरे पडले, पण तोंडातून आवाज नाही. एरवी सरांनी अंगठा उचलला असता आणि वाट बघितली असती. त्या दिवशी ते म्हणाले, “बास, बाळा. संपलं,” आणि सगळं काढून घेतलं. मला मनापासून बरं वाटलं. किती मायाळू माणूस आहे, असं मी नर्सला म्हटलंसुद्धा.

रिपोर्ट गेला की दोन्ही नळ्या सुरुवातीलाच बंद. आता आमच्याकडे एक रीत आहे. दुपारच्या चहाला सर आणि मॅडम एकमेकांचे शंकेचे फोटो बघतात. कोणाचा, काय निदान केलंय, काही सांगायचं नाही. नुसतं समोर ठेवायचं आणि दुसऱ्याने वाचायचं. भांडणं कितीही होवोत, ही रीत मी कधी मोडलेली पाहिली नव्हती. धाकटीचा फोटो मात्र सरांनी चहाला आणला नाही. पोरीची खाजगी गोष्ट, चहाच्या टेबलावर कशाला, असं त्यांना वाटलं.

धाकटी रिपोर्ट घेऊन सर्जनकडे गेली. त्याने दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरवलं. पोटातून बघायचं, नळीत बारीक तार घालून ती उघडते का पाहायचं, नाहीच उघडली तर मग प्रयोगशाळेतून मूल. तारीखही दिली. त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या हातात जो फोटो होता त्यावरून कोणीही हेच केलं असतं.

पण माझी बहीण त्या रिपोर्टने आतून मिटली. “मी बंद आहे ताई,” असं ती मला फोनवर म्हणाली, एखाद्याने दुकानाची वेळ सांगावी तसं. घरात कोणी टाकून बोललं असतं तर मी जाऊन भांडले तरी असते. तसं काही नव्हतं. सासूबाईंनी नुसतं विचारणं सोडून दिलं आणि ते तिला जास्त लागलं. तिने तलावावरचा सगळ्यात लहान मुलांचा वर्ग दुसऱ्या बाईंना देऊन टाकला. त्या मुलांना पाण्यात पहिल्यांदा उतरताना गळ्याला मिठी मारायची सवय असते, ते आता नको म्हणाली. मला हे ऐकून इतका राग आला, आणि तो कोणावर काढायचा तेच कळेना.

ऑपरेशनसाठी मला रजा हवी होती, म्हणून मी मॅडमकडे गेले. मॅडमनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि मला फोटो घेऊन यायला लावलं. मला वाटलं, झालं, आता एक्स-रेच्या नावाने आणखी एकदा ऐकावं लागणार. मी फोटो आणला. त्यांनी तो उजेडाच्या पेटीवर लावला आणि चष्मा कपाळावर सारून जवळून बघितला. बघतच राहिल्या.

“ह्याच्या पुढचा फोटो कुठे आहे?”

मी म्हटलं, पुढचा नाहीये. एवढाच.

एक्स-रेची टिंगल करायची अशी आयती संधी मॅडमना आयुष्यात मिळाली नव्हती आणि त्यांनी ती घेतली नाही. त्यांनी फोटो काढला आणि भिंतीपलीकडे सरांच्या खोलीत गेल्या.

भिंत फार जाड नाही. आधी सरांचा आवाज चढला. असले कोपरे आपण उभ्या जन्मात कितीतरी पाहिलेत, नळी कुठे बंद असते ते आपल्याला कळतं, वगैरे. मॅडमचा आवाज चढलाच नाही, त्यामुळे त्या काय म्हणत होत्या ते मला ऐकू येईना. एकच वाक्य नीट ऐकू आलं, कारण तेव्हा सर गप्प झाले होते. “अनोळखी बाई असती तर तू वाट बघितली असतीस.”

मी नर्सला खुणेने विचारलं, गेले की काय दोघं. मग सर बाहेर आले. चेहरा असा की मला त्यांच्याकडे बघवेना. ते मला म्हणाले, धाकटीला आणि जावईबापूंना बोलावून घे.

दुसऱ्या दिवशी दोघं आली. मला वाटलं होतं, सर परत एक्स-रे करू म्हणतील आणि मॅडम सोनोग्राफी करू म्हणतील, आणि माझ्या बहिणीसमोर यांचं पेटेल. आमच्या सेंटरला तोंड दाखवायला जागा राहणार नाही या काळजीने मी दाराशीच उभी होते. घडलं भलतंच.

सरांनी धाकटीला सांगितलं की फोटोत जे दिसतंय ते खरं बंद असणं असेल किंवा नुसतं आवळणं असेल, आणि यातलं काय ते या फोटोवरून सांगता येत नाही. हे आधीच सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. मग ते आपल्याच यंत्राविरुद्ध बोलायला लागले. एक्स-रेत कळ जास्त येते, त्यामुळे परत तसंच आवळण्याची शक्यता आहे. गर्भाशयाच्या भिंतीचं किंवा अंडाशयाचं त्यात काही कळत नाही. किरण थोडे असले तरी असतात.

मॅडमनी लगेच आपल्या यंत्राची कुंडली मांडली. नळी वळणावळणाची असते, सोनोग्राफीत ती अख्खी एका वेळी दिसत नाही, तुकड्यातुकड्याने शोधावी लागते. बघणाऱ्याचा हात आणि डोळा चुकला तर निदानही चुकतं. अडलं तर नेमकं कुठे अडलं ते एक्स-रेइतकं स्वच्छ सांगता येत नाही. “त्या बाबतीत सरांचा फोटोच चांगला,” असं त्या म्हणाल्या. हे वाक्य मी याआधी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं आणि सरांनीही ऐकलं नसावं, कारण त्यांनी दचकून वर बघितलं.

जावईबापूंनी तेवढ्यात तोंड उघडलं. ते बोगद्यासारखं मोठं यंत्र असतं, ज्यात माणसाला आत सरकवतात, ते सगळ्यात भारी ना, मग त्यातच का नको. त्यावर सर आणि मॅडम एकदम नाही म्हणाले, आणि एकदम बोलले म्हणून दोघंही ओशाळले. एमआरआय गाठी दाखवायला, गर्भाशयाची भिंत दाखवायला उत्तम, असं मॅडमनी समजावलं. पण नळीतून काही वाहतं का, हा साधा प्रश्न विचारायला तिथे जायची गरज नाही. महागडं घड्याळ वेळ जास्त चांगली दाखवतंच असं नाही ना, असं सर म्हणाले. हे जावईबापूंना ताबडतोब पटलं.

मी दाराशी उभी राहून हे ऐकत होते. आपल्या यंत्रापायी आयुष्यभर वाद घातलेली दोन माणसं माझ्या बहिणीसमोर बसून आपापल्या यंत्रातले दोष मोजून दाखवत होती, आणि दुसऱ्याच्या यंत्रातले गुण सांगत होती. मी बऱ्याच डॉक्टरांबरोबर काम केलंय. असं मी पाहिलेलं नाही.

मग मॅडम म्हणाल्या, आता तू ठरव. पाळी येऊन गेली की दोन्हीपैकी कुठलीही एक करू. ऑपरेशनची तारीख त्यानंतरची आहे, तोवर ती तशीच राहू दे.

धाकटीने थोडा विचार केला. ती सरांकडे बघत नव्हती, आपल्या हातांकडे बघत होती. “मॅडमकडे करते,” ती म्हणाली. “पण मला तुमची पोरगी समजू नका. बाहेर रांगेत बसलेली बाई समजा. तिला जितकं दुखवाल तितकं मला दुखवा.”

तपासणीच्या दिवशी ती खरंच रांगेत बसली. तिच्या आधी दोन बायका होत्या, त्यांच्याबरोबर पंख्याखाली बसून मासिक चाळत होती. मी आत घ्यायला गेले तर नंबर आल्यावर येते म्हणाली. मला तिने आणखी एक बजावलं. खोलीत यायचं असेल तर पडद्याकडे बघायचं, तिच्या तोंडाकडे नाही. सर दाराबाहेर घुटमळत होते. त्यांना तिने स्वतः आत बोलावलं.

मॅडमच्या खोलीत मी सहसा जात नाही. खोली लहान, खिडकीचे पडदे ओढलेले, यंत्राच्या पडद्याच्या उजेडात मॅडमचा एक गाल निळसर. बोलणं नाही, लाड नाही. त्यांनी आधी गर्भाशय बघितलं, भिंत बघितली, दोन्ही अंडाशयं बघितली आणि प्रत्येक ठिकाणी जे दिसलं ते कोरड्या आवाजात सांगितलं. सगळं ठीक होतं. मग फेस सोडायला सुरुवात केली.

पडद्यावर गर्भाशयाच्या आत एक पांढरी रेघ उमटली आणि रुंद झाली. मॅडमनी डावीकडे शोधलं. काही नाही. उजवीकडे शोधलं. तिथेही काही नाही. धाकटीचा श्वास अडला, मला ऐकू आलं. माझी नजर तिच्याकडे वळत होती ती मी पडद्याला खिळवून ठेवली. सरांनी आपले दोन्ही हात पाठीमागे धरले होते. आता काढून घ्या, पोरगी कळवळतेय, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

मॅडमनी सिरिंजवरचा अंगठा उचलला. यंत्र तसंच ठेवलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं की पाण्याला घाबरणाऱ्या मुलाला ती तरंगायला कसं शिकवते.

धाकटी दात आवळूनच म्हणाली, मानेखाली हात ठेवायचा. मॅडमनी विचारलं, मग. मग त्याला सांगायचं की मान माझ्या हातावर टाक. आणि? आणि तो टाकत नाही, कारण त्याला वाटतं आपण धरून ठेवलं नाही तर बुडू. मग त्याला श्वास सोडायला लावायचा, कारण श्वास सोडताना मान ताठ ठेवता येत नाही. हे सांगताना तिचा स्वतःचा श्वास सुटला. मॅडमनी ढकललं नाही. त्यांनी आणखी विचारलं, काही मुलांना वेळ लागतो का. लागतो की, धाकटी म्हणाली, काही काही तर फार छळतात, एक तर माझे केसच सोडत नव्हता. बोलता बोलता ती त्या केस धरणाऱ्या मुलाचं सांगत गेली आणि तिच्या आवाजातला ताण कधी गेला ते कळलंही नाही. मॅडमनी अंगठा परत ठेवला आणि अगदी हलक्या हाताने दाबलं.

मी पडद्याकडेच बघत होते, तरी मला आधी दिसलं नाही. सरांना दिसलं. ज्यांना त्या पडद्यावर नेहमी नुसतं धुकं दिसायचं ते सर म्हणाले, “गेलं.” मग मलाही दिसलं. उजव्या कोपऱ्यातून एक पांढरा दोरा निघाला, थोडा पुढे गेला, वळला, नाहीसा झाला. मॅडमनी यंत्र किंचित फिरवलं आणि तो पुढे सापडला, अंडाशयाला वळसा घालून पलीकडे पसरत होता. मॅडमनी चित्र गोठवलं नाही. तो वाहताना त्यांनी पुरेसा वेळ पाहिला, मग पडदा धाकटीकडे वळवला आणि बोटाने दाखवलं. मी इतकी वर्षं त्या यंत्राची टर उडवत आलेय. त्या क्षणी मी त्याच्या पाया पडले असते.

डावीकडे मात्र काही गेलं नाही. मॅडमनी परत वाट बघितली, परत प्रयत्न केला, नंतर सगळं बाहेर काढलं आणि धाकटीला उठायला हात दिला. उजवी नळी उघडी आहे, असं त्यांनी सांगितलं. डावीबद्दल आज काही सांगता येत नाही, उगाच चांगलं किंवा वाईट काही बोलणार नाही.

“म्हणजे मला मूल होईल?” धाकटीने विचारलं.

मॅडम हातमोजे काढत होत्या. “ते मला यात दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “वाट आहे, एवढं दिसतं.”

एखादीने अशा वेळी होईल गं म्हणून पाठीवर थाप मारली असती. मॅडमना ती पोरगी स्वतःच्या मुलीसारखी होती आणि तरीही त्यांनी तिला जेवढं खरं तेवढंच दिलं. नंतर त्या हात धुवायला बेसिनपाशी गेल्या आणि नळ सोडून नुसत्याच उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. मी बघितलं नाही असं दाखवलं.

धाकटी कपडे करून सरांच्या खोलीत येऊन बसली. ती अजून चाचपडतच होती. ऑपरेशनचं आता काय करायचं, सर्जनला कसं सांगायचं, तो रागावेल का, आधीच्या रिपोर्टचं काय, असं तिचं चाललं होतं. तिचा सूर असा की जणू तिनेच सगळ्यांची धावपळ करवली. ते माझ्याच्याने ऐकवेना. मी काही बोलणार तेवढ्यात सरांनी टेबलावरचा फोन उचलला आणि सर्जनला लावला. धाकटीला बाहेर जायला सांगितलं नाही, आवाजही खाली आणला नाही. मॅडम हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

सरांनी आधी सोनोग्राफीत काय दिसलं ते सांगितलं. उजवी उघडी, डावीचं नक्की नाही, ऑपरेशनची घाई नको, पुढचं तुम्ही ठरवा. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. पहिल्या फोटोत मग तसं का आलं, असंच ते असणार. सरांना काहीही सांगता आलं असतं. औषध गार होतं म्हणता आलं असतं. नळ्या आवळतात, असं होतं कधीकधी, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

“तिचं काही चुकलेलं नाही,” सर फोनवर म्हणाले. “माझं चुकलं. तिला दुखतंय म्हणून मी मध्येच आटोपतं घेतलं.”

माझी बहीण पहिल्या तपासणीला रडली नव्हती. रिपोर्ट आला तेव्हा रडली नव्हती, लहान मुलांचा वर्ग सोडला तेव्हा नाही, आत्ता मॅडमच्या टेबलावरही नाही. ती आता रडायला लागली, लहान मुलं रडतात तशी, तोंड उघडं टाकून. इतक्या दिवसांत डॉक्टरांनी, घरच्यांनी, मी, सगळ्यांनी तिला धीर दिला होता. तिचं काही चुकलेलं नाही, एवढंच सांगायचं कोणाला सुचलं नव्हतं.

फोनमधून सर्जन हॅलो हॅलो म्हणत होता. सरांनी रिसीव्हर हातात तसाच धरला होता आणि ते तिच्याकडे बघत होते. या वेळी त्यांनी तिला बास म्हटलं नाही, डोळे पूस म्हटलं नाही. मॅडमनी बाहेर रांगेतल्या बाईला अजून जरा वेळ बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.